पाचातले तीन

सुलोचना मगदूमला एक गोष्ट लपवून काय काय मिळणार होतं, ते आधी मोजून घेऊ. पहिलं म्हणजे दुकान. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावरचं मगदूम मेडिकल तिनं छत्तीस वर्षं चालवलं होतं आणि अजून चार-पाच वर्षं तरी काउंटरमागची उंच खुर्ची तिचीच राहिली असती. दुसरं, बेंगळुरूची खोली टळली असती. मुलानं, अभिनंदननं, ती तिच्यासाठी रंगवूनही ठेवली होती आणि तिच्या मते तो रंग दवाखान्याचा होता. तिसरं मोजायला अवघड आहे. डॉक्टर काही का लिहीनात, मगदूम बाईंनी चिठ्ठीवर नजर टाकून मान हलवली की मिरजेतल्या म्हाताऱ्यांना तिथंच निम्मं बरं वाटायचं. ती मान तिला तशीच हलवत राहायची होती.

या सगळ्यासाठी करायचं काय, तर गप्प बसायचं. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या मेंदूची चित्रं बघून सांगितलं होतं की विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, जुनं बरीच वर्षं राहील, ताजं आधी जाईल. अहवाल तिच्या मुद्रेत उतरला आणि डॉक्टरीणबाईंच्या यंत्रातून तिच्यादेखत पुसला गेला. म्हणजे मिरज, कोल्हापूर, बेंगळुरू धरून तो अहवाल आता एकाच ठिकाणी होता, सुलोचनाच्या गळ्यात.

मुद्रा म्हणजे काय हे आता पोरंसोरंही सांगतील, पण ती आली तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं. त्याआधी माणसाची ओळख झेरॉक्सच्या रूपानं गावभर पडलेली असायची. बँकेत एक प्रत, गॅसवाल्याकडे एक, लॉजच्या रजिस्टरात एक. एवढ्या ठिकाणी ठेवलेली वस्तू चोरीला जाणारच, आणि गेली. लाखो लोकांचे आजार, पत्ते, बोटांचे ठसे बाजारात भाजीसारखे विकले गेले. मग कायदाच झाला की कुणी कुणाची माहिती साठवायची नाही, ज्याची त्यानं सांभाळायची. रुपयाएवढी चकती, तिच्यात तुमचं सगळं, आणि ते उघडणारी किल्ली कधीच बाहेर पडत नाही. कुणी प्रश्न विचारला तर चकती फक्त हो किंवा नाही म्हणते आणि त्या उत्तराची गणिती खात्री देते. अठरा पूर्ण आहेत का? हो. किती पूर्ण आहेत, ते नाही सांगणार. औषध निरीक्षक दर सहा महिन्यांनी दुकानात यायचा आणि विचारायचा, परवाना चालू आहे का? मुद्रा हिरवी व्हायची. डोकं चालू आहे का, हे विचारायची त्याला कायद्यानं मनाई होती.

चकती हरवली तर? त्यासाठी पाच साक्षी. किल्लीचं गुपित एका वर्तुळासारखं असतं आणि प्रत्येक साक्षीकडे त्या वर्तुळावरचा एकेक बिंदू. एका बिंदूतून हवी तेवढी वर्तुळं काढता येतात, दोनांतूनही. तिसरा बिंदू मिळाला की मात्र वर्तुळ एकच उरतं. म्हणून पाचातल्या कुठल्याही तिघांनी ‘हो, ही तीच’ म्हटलं की नवी चकती जिवंत होते आणि जुनी मरते. बाकीचे साक्षी कोण हे कुठल्याच साक्षीला माहीत नसतं आणि मुद्रेतही लिहिलेलं नसतं, नाहीतर चोर पहिला त्यांनाच गाठेल. यादी राहते फक्त मालकाच्या डोक्यात.

सुलोचनाच्या डोक्यात पाचांपैकी चार होते. थोरली जाऊ पद्माक्का. दुसरीपासूनची मैत्रीण शहनाज सतारमेकर. समोरच्या चष्म्याच्या दुकानातले बापू कुंभोजे. चौथे तिचे यजमान, जे दोन वर्षांपूर्वी वारले होते. मेलेल्याच्या जागी नवा साक्षी घ्यावा असं पुस्तिकेत लिहिलं होतं, पण नवऱ्याचं नाव खोडायला कुठल्या बाईचा हात धजतो? पाचवा कोण ते तिला आठवत नव्हतं. आठवेल म्हणून तिनं नाद सोडला होता.

एका बुधवारी सकाळी तिनं दुकान उघडलं तेव्हा तिची मुद्रा इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये सापडली, बाटल्यांच्या शेजारी, गार. तिला हसू आलं. दोरा गळ्यात घातला, आणि चकती अंगाला लागताच थरथरली. काउंटरवरच्या पडद्यावर अक्षरं आली: तुमच्या नावानं नवी मुद्रा मागण्यात आली आहे. मागणी मंगळवार दुपारी बाराची. मुदत शुक्रवार दुपारी बारा. आलेले होकार दोन.

खाली दोन चौकोन होते. ‘ती मीच.’ ‘ती मी नाही.’

तिचे हात काउंटरवर होते तिथंच राहिले. समोर एक माणूस खोकल्याचं औषध मागत होता, त्याला तिनं दोनदा विचारलं, काय हवंय. दोन होकार म्हणजे दोन जिवाभावाची माणसं तिला सोडून दुसऱ्याच कुणाला सुलोचना म्हणाली होती. तिसऱ्यानं म्हटलं की दुकान, परवाना, घर, कोल्हापूरचा अहवाल, सगळं त्या दुसऱ्या बाईचं. तक्रार कुठं करायची? सगळ्यात मोठी सोय म्हणून जी सांगितली होती तीच आता तिला कळली: या व्यवस्थेला मुख्य कचेरी नव्हती. कुणी मालकच नाही तर खिडकी कुठून असणार?

लगेच नकार दाबला असता तर? दाबला असता, पण पुस्तिकेतलं पुढचं वाक्य तिला आठवत होतं. मालकानं नकार दिला, किंवा तिसरा होकार न येताच मुदत संपली, की होकार देणाऱ्यांचे बिंदू जळतात आणि त्यांच्या स्वतःच्या मुद्रेवर तीन वर्षं ‘खोटी साक्ष’ असा डाग राहतो. साक्षींनी संगनमत करून माणूस गिळू नये, म्हणून ही शिक्षा. आधी बघू, ती म्हणाली, कोण उलटलंय ते तरी बघू.

पद्माक्का तिची पहिली संशयित होती, कारण जावा. पण पद्माक्कानं काही दाबलंच नव्हतं. मागणीचा निरोप तिला आला होता आणि तिला त्याचा भारी राग आला होता. लग्न असो, बारसं असो, माणसानं उंबऱ्याशी येऊन शब्द टाकावा, असं तिचं म्हणणं. चकतीवरून काय सांगता? सुलोचना स्वतः आली नाही तोवर ती बोटही लावणार नव्हती. शिवाय बोट कुठं लावायचं हेही तिला ठाऊक नव्हतं.

“आता आलीयस तर दाबू का?” तिनं विचारलं.

सुलोचना इतक्या जोरात नको म्हणाली की पद्माक्काच्या हातातली वाटी हिंदकळली.

शहनाजच्या घरात पुढची खोली सतारींची. दीर, पुतणे भोपळ्यांवर काम करत, तारा चढवून स्वर लावून झाला की शेवटचा कान शहनाजचा. वाद्य पसंत पडलं की ती त्यावर आपल्या मुद्रेची सही उठवायची आणि मगच ते मिरजेच्या बाहेर जायचं. सुलोचना आत गेली तेव्हा ती एका सतारीची खुंटी पिळत होती.

“काल माझं रूप घेऊन कुणी आलं होतं का गं?” सुलोचनानं विचारलं.

शहनाजनं खुंटी सोडली. “रूप घेऊन? तूच आलीस की. इथंच बसलीस.”

“काल मी दुकानात होते.”

“सुले, सुंठेचा चहा प्यालीस. आलं जमिनीतलं, तुम्हा जैनांना चालत नाही म्हणून सुंठ ठेवते मी घरात. आणखी कुणासाठी ठेवते?”

“खूण विचारलीस का तिला?”

साक्षीनं समोरासमोर बसावं, लांब असेल तर फोन करावा, ठरलेला प्रश्न विचारावा, मगच होकार द्यावा, असा नियम होता. नियम करणाऱ्यांनी मिरज पाहिलेली नसावी. चाळीस-पन्नास वर्षं ओळखीच्या बाईला ‘तू कोण’ असं विचारणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं, आणि इथल्या माणसाला ते जमत नाही. तो हो म्हणून मोकळा होतो, आणि वर चहा पाजतो.

“तुला विचारू?” शहनाज हसली. “दुसरीत माझी पाटी फोडलीस, तेव्हापासून ओळखते तुला.”

नक्कल. सुलोचनाच्या मनात एवढा एकच शब्द फिरत होता. पडद्यावर चेहऱ्यांच्या, आवाजांच्या नकला निघत, ते जुनं झालं होतं. पण खुर्चीत बसून, बशीत ओतून चहा पिणारी नक्कल? जिला आलं चालत नाही हे माहीत आहे? तिनं फळीवरच्या कपांकडे पाहिलं. त्यांतल्या एकाला त्या बाईचे ओठ लागले होते.

शहनाजनं तिचं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, तब्येत बरी आहे ना. सुलोचनानं हात सोडवून घेतला. घरी येऊन तिनं दाराला आतून कडी घातली आणि खुर्ची लावली. रात्री काय झोप लागली असेल ते सांगायला नको.

गुरुवारी सकाळी ती रस्ता ओलांडून बापू कुंभोज्यांकडे गेली. बापू तिला वहिनी म्हणत, यजमानांचे मित्र म्हणून. तिनं तोंड उघडायच्या आत त्यांनी खणातून एक चष्मा काढून पुढे केला.

“बरं झालं आलात वहिनी. दांडी बसवून ठेवलीय. मंगळवारी म्हणालात घाई आहे म्हणून.”

सोनेरी काड्यांचा चष्मा. तिचा दुसरा, कालपासून सापडत नसलेला. तिला तो हातात घ्यायचा नव्हता, पण घेतला, आणि डोळ्यांवर चढवला. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. वरचं मोठं अक्षर, मग त्याखालची लहान, आणखी लहान. सगळ्यात खालची मुंगीएवढी ओळसुद्धा तिला लख्ख वाचता आली.

डोळ्यांची नक्कल कुणी करत नाही.

बापू बोलतच होते. मंगळवारी ती किती घाबरलेली दिसत होती, मुद्रा हरवली म्हणत होती, स्टेशनरीच्या दुकानातून नवी चकती आणली होती, अजून कागदात होती, आणि त्यांनी तिथल्या तिथं होकार दिला, दुसऱ्याचं असतं तर दहा वेळा विचार केला असता. सुलोचना मान हलवत होती. तीच मान, जी बघून म्हाताऱ्यांना बरं वाटतं.

आता तिला सगळं जुळवता आलं. मंगळवारी मुद्रा इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये ठेवली कुणी, तिनंच. हरवली म्हणून घाबरली तीच, नवी आणली तीच, शहनाजकडे सुंठेचा चहा प्याली तीच. आणि यातलं एक अक्षरही तिच्याजवळ नव्हतं. चोर बाहेर असला तर माणूस आतून कडी घालतो. काल रात्री खुर्ची लावून तिनं जिला बाहेर ठेवलं होतं, ती आतच झोपली होती.

ही यंत्रणा ज्यांनी रचली ती हुशार माणसं होती. चोर, सरकार, कंपन्या, नातेवाईक, सगळ्यांचा त्यांनी विचार केला होता. एक गोष्ट मात्र ते न तपासता धरून चालले होते, की मंगळवारचा माणूस आणि बुधवारचा माणूस एकमेकांना ओळखतात.

नवी चकती सापडली असती तर अजून सुटका होती. तिच्यावरून मागणीच मागे घेता येत होती, कुणाला डाग नाही, कुणाला पत्ता नाही. दुकान बंद ठेवून तिनं घर पालथं घातलं. देव्हारा, कपाट, उशांचे अभ्रे, पिठाची चाळण, यजमानांच्या बुटांची जोडी. ठेवणारी आपणच तर आपल्याला सुचेल, असं तिला वाटत होतं, आणि सुचत नव्हतं याचीच भीती वाटत होती. साठवणीच्या तांदळाचा पत्र्याचा डबा तिनं उघडला. सासू सांगायची, मोलाची वस्तू तांदळाच्या तळाशी. तिनं कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं, काही लागलं नाही. डबा खांद्याएवढा खोल होता.

दुपारी फोन वाजला. अभिनंदन.

तो सहसा रविवारी करायचा. गुरुवारी त्याचा आवाज ऐकताच तिला पाचवा साक्षी आठवला, आणि ती तिथंच डब्याशेजारी बसली. ज्याच्यापासून सगळं लपवायचं, त्यालाच तिनं सहा वर्षांपूर्वी एक बिंदू दिला होता. तेव्हा लपवण्यासारखं काही नव्हतं.

“आई, तुझ्या नावानं मागणी आलीय. दोन होकार झालेत. मी दोन दिवस कामात होतो, आत्ता बघितलं. नियमाप्रमाणं खूण विचारतो, रागावू नकोस. ताप आला की मी काय मागायचो?”

पाचांत नियम पाळणारा हा एकटा निघाला. बाहेरगावी राहून असं होतं.

“बुंदीचा लाडू,” ती क्षणात म्हणाली. “दुधात कुस्करून. आणि बेदाणे काढून द्यायचे.”

तो हसला. जुनं तिच्याजवळ ठणठणीत होतं.

“मग मंगळवारची मागणी तुझीच ना?”

इथं तिनं हिशेब मांडला. हो म्हटलं तर शहनाज आणि बापू सुटतात. पण मग तो विचारणार, जुनी गळ्यात आहे तर नवी कशाला, आणि नवी कुठाय, आणि तुला सापडत कशी नाही. तिसऱ्या प्रश्नाला बेंगळुरूची खोली. आणि त्यानं होकार दिलाच तर जुनी मरेल, नवी कुठं ते देव जाणे, आणि ती स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून कुणीच नसेल. नाही म्हटलं तर दोन माणसांनी खरं बोलल्याची शिक्षा भोगायची.

“मंगळवारी मी दुकानात होते,” ती म्हणाली. तिला तसंच आठवत होतं. “ती मी नाही.”

“मग नकार दाब. आत्ता, मी फोनवर असताना. आणि ज्यांनी होकार दिला ना, त्यांनी तुला विकलं, एवढं लक्षात ठेव.”

तिनं घरातला पडदा पुढे ओढला. ‘ती मी नाही.’ बोट टेकवलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि पूर्ववत झाला. इतकी स्वस्त सुटका तिला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगतो. काही आठवड्यांत तो गुरुवारही तिच्यातून गेला. उरलं एवढंच, की कुणीतरी बाई तिचं रूप घेऊन गावात आली होती आणि मुलानं वाचवलं. ही गोष्ट ती गिऱ्हाइकांना रंगवून सांगायची, आणि प्रत्येक वेळी ती बाई थोडी उंच व्हायची.

चार महिन्यांनी तांदळाचा डबा तळाला आला आणि तिच्या हाताला एक चकती लागली, दोऱ्यासकट, मेलेली. सुलोचना किंचाळली नाही. तिनं चिमट्यानं ती कागदात घेतली, सगळ्या खोल्यांतले दिवे लावले, पलंगाखाली वाकून पाहिलं. म्हणजे ती बाई घरात शिरली होती. स्वयंपाकघरापर्यंत. तांदळात हात घालून गेली होती. दुसऱ्याच दिवशी तिनं कुलपं बदलली, आणि नव्या किल्ल्या कुठं ठेवल्या ते तिला त्याच आठवड्यात सापडेना.

त्या सुमारास एकदा शहनाज रस्त्यानं जाताना दिसली. सुलोचनानं काउंटरवरून हाक मारली, सुंठ संपली काय गं, येत नाहीस ती? शहनाज थांबली. मग पदर सावरून पलीकडच्या बाजूला गेली. सुलोचनाला फार लागलं ते. पन्नास वर्षांची मैत्री आणि माणसं अशी कशी बदलतात, असं ती पद्माक्काला म्हणाली.

तर आता कुणी काय भरलं ते बघू. शहनाज सतारमेकरनं आपली सही भरली. तीन वर्षं तिच्या कानानं पास केलेलं वाद्य मिरजेचं मानलं जाणार नाही, आणि ती कुणाला कारण सांगत नाही, कारण ते सांगायचं म्हणजे मैत्रिणीचा आजार सांगायचा, जो तिनं त्या दिवशी मनगट धरलं तेव्हाच ओळखला होता. बापू कुंभोज्यांचा दृष्टीचा दाखला आता कुणी घेत नाही. दुसऱ्याचे डोळे तपासणाऱ्याला माणूस ओळखता आला नाही, म्हणतात. अभिनंदननं अजून काही भरलेलं नाही. आपण आईला वाचवलं एवढं समाधान त्याच्याकडे जमा आहे. गिऱ्हाइकांनी काय भरलं ते मोजायचं राहिलंय. गेल्या पंधरवड्यात रक्तदाबाच्या दोन चिठ्ठ्यांवर सुलोचनानं मान हलवली, आणि त्यातली एक मान चुकीची होती. निरीक्षक येऊन गेला. मुद्रा हिरवी होती.

आणि सुलोचना? तिचे दोन बिंदू जळाले. नवे साक्षी घ्यायचे ती विसरली. पुढच्या वेळी मुद्रा हरवेल, आणि हरवेलच, तेव्हा ही तीच असं म्हणायला तिघं लागतील. आता तिघंच उरलेत. एक मुलगा, एक जाऊ, आणि तिसरे तिचे यजमान.